कातळावरचा ऑक्टोपस विषारी असतो का?

प्रश्न : आमचे गाव देवगड तालुक्यात समुद्रालगत आहे. ओहोटीला घरातील बायका कातळावर कालवे काढण्यासाठी जातात, तेव्हा डबक्यांत लहान ऑक्टोपस दिसतात आणि सोबतची मुले ते हातात घेतात. निळ्या वर्तुळांच्या जीवघेण्या ऑक्टोपसाची चित्रफीत पाहिल्यापासून धास्ती वाटते. आपल्याकडील ऑक्टोपसही विषारी असतात का? – एक वाचक, देवगड

उत्तर : खेकड्यासारखे भक्ष्य लुळे करण्यासाठी बहुतेक सर्व ऑक्टोपसांच्या लाळेत थोडेफार विष असते; परंतु माणसाचा जीव घेण्याइतके जहाल विष निळ्या वर्तुळांच्या ऑक्टोपसांचेच असल्याचे ज्ञात आहे. या गटाच्या मोजक्याच जाती असून त्या प्रामुख्याने जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ समुद्रात, खडकांतील डबक्यांत, प्रवाळाच्या तुकड्यांखाली आणि रिकाम्या शिंपल्यांत, क्वचित फेकलेल्या बाटल्यांतही राहतात. बंगालच्या उपसागरातील एका जातीचे वर्णन १९३८ साली झाले. कोकणच्या कातळावर नेहमी दिसणारे ऑक्टोपस या गटातले नव्हेत.

तरीही मुलांना ते हाताळू देऊ नये, कारण सामान्य ऑक्टोपसाची चोचही चांगला चावा घेते. शिवाय रंगावरून ओळख पटवणे फसवे आहे : निळ्या वर्तुळांचा ऑक्टोपस शांत असताना मळकट पिवळा-तपकिरी दिसतो आणि त्याची वर्तुळे डिवचल्यावरच झळकतात, तर इतर काही जातींच्या डोळ्यांखालीही वर्तुळाकार ठिपका असतो.

निळ्या वर्तुळांच्या ऑक्टोपसाच्या विषाचे नाव टेट्रोडोटॉक्सिन. ते मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग रोखते, त्यामुळे स्नायूंना संदेशच पोहोचत नाहीत. चावा पुष्कळदा दुखतही नाही. मात्र काही मिनिटांतच ओठ व जीभ बधिर होऊन बोलणे अडखळते आणि पुढे श्वासाचे स्नायू निकामी होतात, तेव्हाही रुग्ण शुद्धीवर असू शकतो. यावर उतारा उपलब्ध नाही. कृत्रिम श्वास ताबडतोब सुरू करून तो रुग्णालयापर्यंत खंड न पडता चालू ठेवला, तर विषाचा अंमल ओसरून रुग्ण वाचू शकतो.

खरे तर तुमच्या घरासाठी अधिक जवळचा धोका जाळ्यात येणाऱ्या केंड माशाचा (अंग फुगवणारा पफर फिश) आहे. त्याच्या अनेक जातींच्या यकृतात व अंडाशयात हेच विष असते आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. म्हणून केंड घरी साफ करून खाण्याचा प्रयोग मुळीच करू नये.