ट्रान्सफर हवीये ना, मग आधी याच कॉलेजात नीट बस

अगं,

तू लिहिलंस की एफवाय कसंबसं काढायचं, लेक्चरला फक्त अटेंडन्सपुरतं जायचं, बाकी सगळा वेळ एसएटीला, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेला, द्यायचा आणि मग अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर मारायची, म्हणजे इथली पदवी अर्ध्यात सोडून तिथे प्रवेश घ्यायचा. वाचून मला काळजीच वाटली, कारण ट्रान्सफरचं गणित बरोबर उलटं आहे. बारावीनंतर अर्ज करणाऱ्या मुलांचं शाळेतलं काम बघतात, पण तू एकदा कॉलेजात गेलीस की त्यांचा पहिला प्रश्न असतो की कॉलेजात जाऊन या मुलीने काय केलं. एसएटी जिथे मागतात तिथे द्यावीच लागेल, दहावी-बारावीची मार्कशीटही लागेल, पण तुझ्या फाइलचा जीव या वर्षाच्या मार्कांत आणि तुझ्या सरांच्या पत्रांत आहे.

पत्रांचं आधी सांगते कारण आपल्याकडची मुलं तिथेच अडकतात. ट्रान्सफरला सहसा कॉलेजातल्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र मागतात, बऱ्याच ठिकाणी दोन. आता शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात तू शेवटच्या बाकावर बसून एसएटीचे पेपर सोडवणार, कधी कॅन्टीनला, कधी थेट घरी, तर फेब्रुवारीत सर तुझ्याबद्दल काय लिहिणार? हुशार आणि मेहनती, एवढंच, आणि ते सगळ्यांबद्दल लिहितात. त्यापेक्षा आत्तापासून पुढे बस, प्रॅक्टिकलला रीडिंग जुळलं नाही तर जर्नलमध्ये दुसऱ्याचं उतरवू नकोस, का जुळलं नाही ते मॅडमना जाऊन विचार. लेक्चर संपल्यावर स्टाफरूममध्ये गेलेलं कुणाला खटकत नाही, उलट फिजिक्सबद्दल खरंच विचारायला येणारी मुलं इतकी कमी असतात की त्यांना बरं वाटतं. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात बीएस्सीच्या मुलांसाठी एनआययूएस नावाचा कार्यक्रम चालतो, त्याची माहिती काढ आणि सरांशी त्याबद्दल बोल. हे सगळं अर्जासाठी कर असं मी म्हणत नाहीये, तुला फिजिक्स आवडतं हे मला माहितीये, म्हणून सांगतेय.

आता कुठे अर्ज करायचा. सगळ्या युनिव्हर्सिटी ट्रान्सफर सारखी घेत नाहीत. प्रिन्स्टनने १९९० पासून ट्रान्सफर बंदच ठेवली होती, ती २०१८ मध्ये परत सुरू केली आणि अजूनही अगदी मोजकी मुलं घेतात. हार्वर्ड वर्षाला साधारण डझनभर घेतं, सगळ्या जगातून. कॉर्नेल मात्र दरवर्षी काही शे मुलं घेतं, तेव्हा नुसती रँकिंग बघून यादी करू नकोस. कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटींत, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे, ट्रान्सफरच्या बहुतेक जागा तिथल्याच कम्युनिटी कॉलेजांतल्या, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांतल्या, मुलांना जातात, त्यामुळे इथून थेट उडी मारणं अवघड आहे. आणि वेळेचं बघ, हार्वर्डला कॉलेजचं किमान एक पूर्ण वर्ष लागतं आणि दोनपेक्षा जास्त झालेलं चालत नाही, म्हणजे टीवायला गेल्यावर तो दरवाजा बंद. बऱ्याच ठिकाणची शेवटची तारीख मार्चमध्ये असते. माझं मत विचारशील तर एफवायमध्ये घाई करू नकोस, तेव्हा हातात फक्त पहिल्या सेमचा रिझल्ट असतो. एसवायच्या मार्चमध्ये कर, तेव्हा तीन सेम झालेल्या असतील आणि सर तुला ओळखत असतील.

अर्जासोबत एसे, म्हणजे निबंध, लिहायचा असतो. त्यात तिथे का जायचंय हे विचारतात आणि तिथे मुलं आपल्या कॉलेजची गाऱ्हाणी लिहितात, लॅब जुनी आहे, सिलॅबस घिसापिटा आहे, लोकल दीड तास. खरं असेल गं, पण त्यातून तू कोण आहेस ते दिसत नाही. तुला काय शिकायचंय, त्यातलं इथे किती शिकलीस आणि पुढचं तिथेच का, हे लिही. उदाहरणार्थ एमआयटीत १९६९ पासून यूरॉप चालतं, त्यात पदवीची मुलं प्राध्यापकांबरोबर रिसर्च करतात, पण असं नाव टाकायचं तर कुठल्या विषयात काय करायचंय तेही तुला सांगता आलं पाहिजे. ठाण्या-दादरला जे पैसे घेऊन एसे लिहून देतात त्यांच्याकडे जाऊ नकोस, प्लीज. माहिती हवी तर न्यू मरीन लाइन्सला यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शिक्षण संस्थेचं ऑफिस आहे, तिथे एज्युकेशनयूएसएचे, म्हणजे अमेरिकन सरकारच्या शिक्षण-माहिती सेवेचे, सल्लागार भेटतात.

पैशाचं घरी आधी बोल, अॅडमिशन मिळाल्यावर नको. मोठ्या खासगी युनिव्हर्सिटीत राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो, म्हणजे आपले ६५-७० लाख तरी. हार्वर्ड, एमआयटीसारख्या थोड्या ठिकाणी परदेशी मुलांनी मदत मागितली म्हणून अर्ज मागे पडत नाही आणि मदतही गरजेप्रमाणे पूर्ण देतात, पण बाकी बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की निवड आणखी कठीण होते, आणि ती भीती म्हणून आधी मागितली नाही तर नंतर मिळेलच असं नाही. बाबांचे आयटी रिटर्न, फॉर्म १६ काढून ठेवायला सांग, सीएसएस प्रोफाइल, म्हणजे आर्थिक मदतीचा ऑनलाइन फॉर्म, भरताना लागतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. प्रत्येक पेपरचा सिलॅबस तासांसकट सेव्ह करून ठेव, क्रेडिट किती धरायचे ते तिथली युनिव्हर्सिटी त्यावरून ठरवते आणि सगळे धरतीलच असं नाही, एखादं वर्ष वाढू शकतं. सीजीपीए स्वतःच्या मनाने तिथल्या चारपैकीच्या स्केलवर आणू नकोस, आहे तसा दे. कॉमन अॅपमध्ये, म्हणजे जिथून एकाच वेळी बऱ्याच युनिव्हर्सिटींना अर्ज करतात त्या वेबसाइटवर, कॉलेज रिपोर्ट नावाचा फॉर्म असतो, तो ऑफिसमध्ये कुणी पाहिलेला नसेल, तर क्लार्ककाकांवर चिडू नकोस, प्रिंट घेऊन व्हाइस प्रिन्सिपल मॅडमकडे जा आणि शांतपणे समजावून सांग, जानेवारीतच जा. आणि काहीही झालं तरी आय-ट्वेंटी (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) आणि व्हिसा हातात पडेपर्यंत कॉलेजातून एलसी काढायची नाही. अॅडमिशन आलं म्हणून उत्साहात नाव काढलं आणि बीकेसीला अमेरिकन वकिलातीत व्हिसा अडकला तर इथलंही वर्ष जाईल.

नाही झालं तर काय, हेही तू विचारलंस. तर बीएस्सी पूर्ण होईल, जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं, टीआयएफआर या कुलाब्याच्या संशोधन संस्थेची परीक्षा आहे, आणि तिथेही हेच फिजिक्स लागतं जे तू या दोन वर्षांत शिकणार आहेस.

बाबांशी पैशाचं बोलायला जमत नसेल तर मला सांग, रविवारी मी घरी येते, आपण तिघं बसू. आणि एसेचा पहिला ड्राफ्ट इंग्रजी सुधारत न बसता जसा सुचेल तसा पाठव, मराठीत सुचला तर मराठीत.

तुझी,
ताई