वाचकांचे प्रश्न : थेंबाचा भार आणि पानाची ओढ

प्रश्न : द्राक्षबागेसाठी इलेक्ट्रोस्टॅटिक (थेंबांना विद्युतभार देणारे) फवारणी यंत्र घेतले. पानाच्या पाठीलाही औषध बसते म्हणतात. पण पानाला कुणी करंट दिलेला नाही, मग थेंब तिकडे ओढला कसा जातो? आणि आतल्या घडांवर औषध कमी का पडते?
– एक बागायतदार, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : पान देठ-खोडावाटे ओल्या जमिनीला जोडलेले असते, म्हणजे त्याला आपोआप अर्थिंग असते. ऋणभारित थेंब जवळ आला की पानातला ऋणभार जमिनीकडे सरकतो, पृष्ठभागावर धनभार उरतो आणि ओढ सुरू होते. फवाऱ्याच्या किलोला 1 मिलिकूलंब (भाराचे एकक) भार आणि पानाजवळ सेंटीमीटरला 1000 व्होल्टचे विद्युत क्षेत्र धरले, तर ही ओढ थेंबाच्या वजनाच्या सुमारे 10 पट भरते. म्हणून 40-50 मायक्रॉनचा थेंब खालून वळून पाठीला चिकटतो. दावण्या (डाउनी मिल्ड्यू हा वेलीचा रोग) पाठीवरच्या छिद्रांतूनच शिरतो, तेव्हा हा फायदा खरा आहे. थेंब मोठा झाला की वजन भारापेक्षा झपाट्याने वाढते आणि तो सरळ खाली पडतो. त्यामुळे नोझल झिजून थेंब मोठे झाले की आधी हाच गुण जातो.

आतल्या घडांचे कारणही भारच. बाहेरची पाने विद्युत क्षेत्र अडवतात. त्यांच्यामागे ओढ जवळपास उरत नाही आणि थेंब पहिल्याच पानावर बसतात. आत पोचवायचे काम हवेचे. फेलफुटी (नको असलेल्या फुटी) वेळेवर काढा, ब्लोअरचा झोत पाने हलतील इतका ठेवा.

यंत्र चालू असून भारच नसणे ही नेहमीची तक्रार. पाण्यात मिसळणाऱ्या औषधी भुकटीचा थर नोझलमधल्या, थेंबांना भार देणाऱ्या कडीवर ओला झाला की व्होल्टेज त्या थरातून नोझलच्या अंगात गळते. फवारा दिसतो नेहमीसारखाच! यंत्र बंद करून कडी साध्या पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा. रबरी टायरमुळे ट्रॅक्टरवर उलटा भार साठतो, थेंब परत यंत्राकडे येतात आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो; जमिनीला टेकणारी साखळी हवीच.

खात्री करायची तर साधे पाणी भरा. पत्र्याचा ट्रे कोरड्या नायलॉन दोरीने टांगा आणि मल्टिमीटरमधून (200 मायक्रोॲम्पिअरची रेंज) जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडा. नोझलमधून मिनिटाला 120 ग्रॅम पाणी जात असेल आणि सगळा फवारा ट्रेवर पडला, तर वरच्या भाराला 2 मायक्रोॲम्पिअर दिसायला हवेत. काटा शून्यावर असेल तर तुम्ही साधीच फवारणी करत आहात.

प्रश्न : कागदाच्या कपट्यावर भार नसतो, तरी तो कंगव्याकडे का उडतो?
– एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : कपट्याच्या एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋणभार सरकतो. क्षेत्र सगळीकडे सारखे असते, तर दोन्ही ओढी समान होऊन तो जागचा हलला नसता. कंगव्याजवळ क्षेत्र जास्त तीव्र असते, म्हणून जवळच्या टोकाची ओढ जिंकते, मग कंगव्यावरचा भार धन असो की ऋण. काही कपटे चिकटून भार घेतात आणि लगेच उलटे उडतात. पावसाळ्यात हा प्रयोग फसतो, कारण कंगव्यावरच्या दमटपणातून भार निघून जातो.