पैसे होते, फक्त चुकीच्या खात्यात

"मॅडम, लोन नाहीच भरलं तर काय होतं? इथे आयर्लंडला येऊन कोणी पकडू शकतं का?"

डिसेंबर 2025 मधे रात्री पावणेदोनला हा मेसेज आला. एज्युकेशन लोन काढून परदेशी गेलेल्या मुलांचा असा प्रश्न मला महिन्यातनं दोनतीनदा तरी येतो, कधी जर्मनीतनं, कधी युकेतनं, आणि विचारणारा पोरगा किंवा पोरगी बुडवायचं म्हणून कधीच विचारत नसते हे मी इतक्या वर्षांत नीट ओळखलंय. घाबरलेला माणूस आधी पळायची वाट शोधतो एवढंच. म्हणून मी उत्तर टाईप न करता सरळ व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला. (परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

मुलगा सांगली जिल्ह्यातला. 2023 ला डब्लिनला डेटा अ‍ॅनालिटिक्समधे एमएस्सी करायला गेला, एक वर्षाचा कोर्स. लोन 22 लाख, राहतं घर तारण, वडील को-बॉरोअर, म्हणजे सहकर्जदार. वडील एसटीतून रिटायर झालेले, आणि एसटीवाल्यांची पेन्शन किती असते हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको, महिन्याला तीन हजारसुद्धा हातात येत नाहीत. धाकटी बहीण बारावीला.

कोर्स आणि त्यावर एक वर्ष ईएमआय नव्हता, पण त्या काळात व्याज थांबत नाही हे बऱ्याच घरांत कुणी लक्षातच घेत नाही. सरळव्याजाने का होईना साडेदहा टक्क्यांनी ते चढत राहिलं आणि ऑक्टोबर 2025 ला हप्ता सुरू झाला तेव्हा 22 चे जवळपास 26 लाख झालेले. दहा वर्षांचा हप्ता महिना 35,000. आणि मनासारखी नोकरी तोवर लागलीच नव्हती. शिक्षणानंतरचा तिथला स्टॅम्प वन-जी व्हिसा होता म्हणून काम करता येत होतं, एका दुकानात तासाला 13.50 युरो, म्हणजे तिथला तेव्हाचा किमान पगार, आणि आठवड्याला 24 च तास मिळायचे. महिन्याला 1,400 च्या आसपास, त्यातले 850 खोलीचं भाडं.

"मग हप्ता भरलासच नाहीस का?" मी विचारलं.

"भरला ना मॅडम, दोन महिने 350-350 युरो पप्पांना पाठवले. तरी बँकेतनं पप्पांना फोन आला की तीन हप्ते थकलेत, घरावर नोटीस काढू. पप्पा फोनवर इतके बोलले मला... त्यानंतर मी त्यांचा फोनच नाही उचलला."

किती दिवस? अकरा दिवस. आई रोज व्हॉईस मेसेज टाकत होती, ते पण ऐकले नव्हते. आणि रूममेट सांगत होता, सोडून दे, इकडे कोण येतंय.

इथे मी त्याला जे सांगितलं ते सगळ्यांसाठी लिहिते, कारण हा रूममेट प्रत्येक फ्लॅटमधे असतोच. तुला पकडायला डब्लिनला कुणी येणार नाही. पण बँकेला यायची गरजही नाही, तिच्याकडे तुझे वडील आहेत. को-बॉरोअर म्हणजे नुसती सही नाही, ते कर्ज जेवढं तुझं तेवढंच त्यांचं. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी बुडीत, होतं, मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देऊ शकते आणि त्यानंतर तारण घराचा ताबा घेण्यापर्यंत जाऊ शकते. सिबिल तुझा खराब होतो तसा त्यांचाही होतो. बहिणीला उद्या इंजिनिअरिंगला लोन लागलं तर सही कोणाची चालणार? तो यावर बराच वेळ काही बोललाच नाही, मग हळूच म्हणाला, "तिचं माझ्या डोक्यातच नव्हतं."

पण मला खरा प्रश्न वेगळाच पडला होता. 350 युरो दोनदा पाठवले तर ते गेले कुठे? तेव्हा युरो 100 रुपयांच्या वर होता, म्हणजे जवळजवळ पूर्ण हप्त्याएवढे, किंवा थोडे जास्तच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांचा व्हिडिओ कॉल ठरवला. वडिलांना सांगितलं, रागवायचं ते नंतर रागवा, आत्ता फक्त पासबुक घेऊन बसा. ते चष्मा लावून एकेक ओळ बोटाने दाखवत वाचायला लागले आणि ऑक्टोबरची एंट्री आली, नोव्हेंबरची आली, आणि खाली शिल्लक, 70,000 च्या वर. पैसे तसेच पडून होते!

"मॅडम, मी म्हणलं बँक आपोआप कापून घेत असंल," वडील म्हणाले.

बँक कापत होती, पण मुलाच्या जुन्या सेव्हिंग खात्यातनं, कारण लोन घेताना मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, त्याच खात्यावर दिलेला. त्या खात्यात काहीच नव्हतं. हप्ता बाऊन्स झाल्याचे मेसेज जात होते त्याच्या भारतातल्या नंबरवर, आणि ते सिम रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलेलं, त्यामुळे ओटीपी नाही, नेटबँकिंग उघडत नाही. मुलाला वाटलं पप्पा भरतायत, पप्पांना वाटलं बँक कापतेय, आणि दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही कारण गेलं वर्षभर त्यांच्या घरात पैशाचा विषय निघाला की भांडण व्हायचं. मी हे परत परत बघते. परदेशात पगार कमी पडला म्हणून लोन थकलं अशा केसेस असतातच, पण घरात बोलणं बंद झालं म्हणून थकलं अशाही खूप असतात.

पहिला हप्ता थकून तेव्हा साठपेक्षा जास्त दिवस झालेले, तीनेक आठवडे हातात होते. वडिलांनी त्याच दिवशी शाखेत जाऊन 70,000 भरले, त्यामुळे सगळ्यात जुने दोन हप्ते निघाले. मुलाने मॅनेजरना मेल लिहिला, त्याचा मसुदा आम्ही दोघांनी बसून केला. काय कमावतो, भाडं किती, नोकरीसाठी काय चाललंय, कधीपासून किती भरू शकतो, सोबत पेस्लिप आणि व्हिसाची कॉपी. रडगाणं नको, आकडे हवेत, हे मी आवर्जून सांगते. बँकांच्या मॉडेल एज्युकेशन लोन स्कीममधे बेरोजगारी किंवा अपुऱ्या कमाईच्या काळासाठी सवलतीची सोय आहे, परतफेड 15 वर्षांपर्यंत नेता येते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही आणि एनपीए व्हायच्या आधी मागितलं तर मॅनेजरही वेगळ्या सुरात बोलतात. त्याला मुदत वाढवून मिळाली, हप्ता 29,000 च्या आत आला. व्याज एकूण जास्त जाणार हे खरंय, पण लोन फ्लोटिंग रेटचं, म्हणजे बदलत्या व्याजदराचं, आहे, पुढे हातात पैसे आले की प्रीपेमेंट पेनल्टीशिवाय भरता येतं.

बाकी दुरुस्त्या छोट्या होत्या. परदेशी राहायला लागल्यावर साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं, करावं लागतं, ते केलं. परदेशातली कमाई पाठवायचं एनआरई खातं उघडलं आणि हप्त्याचा मँडेट त्यावर टाकला, म्हणजे पैसे त्याच्या पगारातनं थेट तिथे. वडिलांच्या खात्यातनं फिरवलं तर टॅक्स वाचतो असं काकांनी त्याला सांगितलेलं. एज्युकेशन लोनची टॅक्समधली सूट फक्त व्याजावर, तीही जुन्या टॅक्स रिजीममधे, आणि वडिलांना मुळात टॅक्सच नाही तर वाचणार काय? आणि युरोचा रेट अजून वाढेल मग पाठवतो हा खेळ बंद. युरोमागे दोन रुपये जास्त मिळाले तर महिन्याला सहाशे सुटतात, त्यासाठी हप्त्याची तारीख चुकवायची नाही.

फेब्रुवारीत त्याला त्याच्या फील्डमधली नोकरी लागली, वर्षाला 38,000 युरो. पहिला पगार बघून परत घाबराघुबरा फोन, खूपच कापलेत म्हणून. नवीन नोकरी तिथल्या रेव्हेन्यूकडे, म्हणजे टॅक्स खात्याकडे, ऑनलाईन रजिस्टर केली नव्हती, म्हणून इमर्जन्सी टॅक्स, म्हणजे तात्पुरता जास्तीचा टॅक्स, लागलेला, रजिस्टर केल्यावर जास्तीचे परत आले. आता हातात साधारण 2,650 पडतात.

काम चालू आहे पण व्हिसाची मुदत आहेच, कंपनी वर्क परमिट काढेल की नाही हे अजून ठरलं नाहीये. म्हणून आम्ही एक ठरवलंय, एनआरई खात्यात कायम तीन हप्ते आगाऊ पडून असले पाहिजेत, नोकरी गेली तरी 90 दिवस घराला हात लागायला नको. सिमचा रिचार्ज वडील करतात. दर महिन्याच्या अकरा तारखेला ते शाखेत जाऊन लोनचं स्टेटमेंट काढतात, फोटो मुलाला आणि मला दोघांना पाठवतात. तीनपैकी दोन हप्ते जमलेत.