गरी, भरती आणि मोसम : वाचकांचे प्रश्न

समुद्रात हौसेने, दांडी-रीळ घेऊन करायच्या मासेमारीबद्दल विदर्भातून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत.

प्रश्न : आम्ही तिघे-चौघे मामा (माजी मालगुजारी) तलावात गरीने मरळ, रोहू धरतो. एकदा कोकणात जाऊन समुद्रात गरी टाकायची आहे. धान चुरून मोकळे होईतो डिसेंबर उजाडतो. उन्हाळी धान नसले तर फेब्रुवारी-मार्चही रिकामा असतो. नेमके कधी जावे?
— लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : तलावाचा हिशेब आधी बाजूला ठेवा. तुमच्याकडे थंडीत पाणी गार पडले की मरळ तोंड उघडत नाही आणि उन्हाळ्यात पाणी आटले की मासा एका डोहात गोळा होतो. कोकणचा समुद्र जानेवारीतही २४-२५ अंशांच्या खाली सहसा जात नाही आणि मे महिन्यात ३० च्या आसपास असतो. म्हणजे मासा बारा महिने असतोच. तिथला मोसम ठरतो तो वारा, गढूळपणा आणि खाडीत उतरलेले पावसाचे गोडे पाणी यांवर.

जून ते सप्टेंबर विषयच नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. किनाऱ्यावरून गरी टाकणाऱ्याला ती थेट लागू नसली तरी खडकावर उभे राहण्यासारखा समुद्र तेव्हा नसतो, आणि पाणी चहाच्या रंगाचे.

पाऊस परतला की ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत खाड्यांचा काळ. वरचे गोडे पाणी ओसरत असते, कोळंबी आणि बोय माशांची पिल्ले खाडीच्या तोंडाकडे सरकतात आणि त्यांच्यामागे जिताडा (बारामुंडी) व तांबोशी हे शिकारी मासे येतात. समुद्रात पहिल्यांदाच गरी टाकणाऱ्याला मोठा मासा लागण्याची शक्यता आमच्या मते याच सहा-सात आठवड्यांत सर्वांत जास्त. पण नेमकी तेव्हा तुमची कापणी.

डिसेंबर-जानेवारीत पाणी निवळते. सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो, त्यामुळे दहा-अकरापर्यंत किनाऱ्याजवळचे पाणी सपाट असते. होडीतून बांगडा आणि थोडे बाहेर गेल्यास सुरमई यांसाठी हा काळ उत्तम. खाडीतला जिताडा मात्र पहाटेच्या गारव्यात सुस्त असतो. तेव्हा तिथे पहाटे उठून बसण्यात अर्थ नाही, दुपारी दोननंतर उथळ पाणी तापले की जा.

तुम्हाला सोयीचा म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च. पाणी पुन्हा तापायला लागलेले, खडकाळ किनाऱ्यावर तांबोशी आणि गोबरा सक्रिय, आणि दुपारचा वायव्येचा वारा अजून एप्रिलइतका उग्र नसतो. खाडीऐवजी खडक निवडा. सूर्योदयाच्या अलीकडे-पलीकडे तासभर आणि संध्याकाळी शेवटचा तास, मधे सावलीत झोप काढा.

मुलांना सुट्ट्या म्हणून मेच्या शेवटी जाण्याचा बेत अनेक जण करतात. तो करू नये. अरबी समुद्रात वादळांचे दोन काळ असतात, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. तौक्ते १७ मे २०२१ ला कोकण किनाऱ्याजवळून गेले, निसर्ग ३ जून २०२० ला रायगडात धडकले आणि फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आले. वादळ शेकडो किलोमीटर दूर असले तरी त्याच्या लांब लाटा दोन दिवस आधीच किनाऱ्यावर पोचतात, तेव्हा आकाश निरभ्र असते. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा घर सोडण्याआधी बघा आणि तिथे पोचल्यावर रोज बघा.

प्रश्न : भरती-ओहोटीचे गणित समजत नाही. अॅपमध्ये आकडे दिसतात, पण त्यातून दिवस कसा निवडायचा?
— वरुड, जि. अमरावती

उत्तर : भिंतीवरचे पंचांग पुरेसे आहे. कोकणात जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो वा वद्य, गणित तेच, आणि दिवसा जी वेळ तीच जवळपास रात्रीची. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज भरती पाऊण ते एक तास पुढे सरकते. हा अंदाज मुंबई-रायगडच्या उघड्या किनाऱ्याचा. सिंधुदुर्गात भरती त्याहून लवकर येते आणि खाडीत आत जावे तसा उशीर होत जातो. म्हणून बेत आखायला पंचांग आणि प्रत्यक्ष उतरताना जवळच्या बंदराचे भरतीचे कोष्टक, अशी विभागणी ठेवा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी थोडेच हलते. मुंबई-अलिबागकडे मोठ्या उधाणाला चढ-उतार चार मीटरांच्या वर जातो, मालवण-वेंगुर्ल्याकडे दोन-अडीच मीटर. त्यामुळे रायगडच्या खाडीत ऐन पौर्णिमेला गरी टाकली तर प्रवाहात ८० ग्रॅमचे शिसेही तळाला टिकत नाही आणि पाणी चिखलाने भरते. तिथे उधाणानंतरचे तिसरा ते पाचवा दिवस बरे. सिंधुदुर्गात उलट, भांगाला पाणी इतके मंद की मासा खात नाही. तिथे उधाणाच्या दोन दिवस आधीपासून बसा.

आता जागा. खाडीच्या काठाला खारफुटीतून लहान ओघळ येऊन मिळतात. भरतीला बोयांची पिल्ले आणि कोळंबी त्या ओघळांतून आत खारफुटीत शिरतात. ओहोटी लागली की पहिला तास काही दिसत नाही. मग ओघळाचे पाणी अरुंद होते, मुख्य खाडीला मिळते तिथे गढूळ आणि स्वच्छ पाण्याची रेघ उमटते, आणि त्या रेघेच्या बाहेरच्या बाजूला, कधीकधी फक्त गुडघाभर पाण्यात, जिताडा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. गरी ओघळात वर टाकून प्रवाहाबरोबर त्या रेघेवरून खाली येऊ द्यायची. नवखे लोक खाडीच्या मधोमध लांब फेकतात आणि मासा त्यांच्या पायाशी असतो. ओहोटीचा तिसरा-चौथा तास सर्वांत चांगला. खडकावर वेगळे गणित : भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला.

प्रश्न : मरळीसाठी सात फुटी दांडी, ३००० नंबरचे रीळ आणि ३० पौंडी (तेवढा ताण सोसणारी) ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी आहे. रबरी बेडूकही आहेत. हेच समुद्रात चालेल का?
— ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : खाडीत होडीतून किंवा लहान जेट्टीवरून दांडी-रीळ चालेल. उघड्या खडकावर दांडी आखूड पडते, मासा वर घेताना दोरी खडकाच्या काठावर घासते. तिथे नऊ फुटी दांडी आणि ४००० ते ५००० चे रीळ घ्या. ३०० मीटर दोरी मावली पाहिजे. ब्रेडेड २० ते ३० पौंडी योग्यच.

बदलायचे ते पुढचे. मरळीला दोरी थेट गरीला बांधता, इथे नको. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, डोके झटकले की ब्रेडेड दोरी कापली जाते. पुढे मीटर-दीड मीटर ४० पौंडी जाड तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी) जोडा. सुरमईला तेही पुरत नाही, तिचे दात तंगूस कापतात, म्हणून शेवटी १५-२० सेंटीमीटर पोलादी तार. तीच तार जिताड्याला लावू नका, स्वच्छ पाण्यात तो दुरूनच वळतो.

बेडूक घरी ठेवा. त्याऐवजी ९ ते १२ सेंटीमीटरचे बुडणारे खोटे मासे दोन-तीन आणि २० ते ४० ग्रॅमच्या धातूच्या जिग (जड खोटी आमिषे) चार-पाच. गोड्या पाण्यासाठीचे तिहेरी गळ खाऱ्या पाण्यात गंजतात आणि मोठा मासा ते सरळ करतो. जाड, कथिलाचा मुलामा दिलेले गळ लावून घ्या. या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे आमिष म्हणजे जिवंत कोळंबी. डोक्यावरच्या काट्याखाली काळा ठिपका दिसतो, त्याला न लागता त्याच्या पुढून गळ आडवा घाला. ठिपक्याला टोचले की ती तिथेच मरते.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की ठरावीक ताणावर दोरी सोडणारा ब्रेक, अंदाजाने ठेवू नका. दोरी दांडीच्या कड्यांतून ओवून ताणकाट्याला (स्प्रिंगच्या वजनकाट्याला) बांधा आणि ओढा. २० पौंडी, म्हणजे सुमारे ९ किलोच्या दोरीला अडीच ते तीन किलोवर ड्रॅग सुटला पाहिजे. मरळ शेवाळात घुसू नये म्हणून ड्रॅग आवळायची सवय असते, ती इथे नडते. गाठ तुटते किंवा गळ सरळ होतो.

दांडी नेण्यासाठी ठिबकवाल्याकडून ७५ मिलिमीटरची पीव्हीसी नळी आणि दोन टोपणे घ्या. रेल्वेत दांडी मोडल्याची पत्रे इतकी येतात की हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

प्रश्न : मागच्या वर्षी परत येऊन रीळ बादलीत बुडवून स्वच्छ धुतले, तरी महिन्याभरात जाम झाले. का?
— आर्वी, जि. वर्धा

उत्तर : बुडवल्यामुळेच. बुडवले की खारे पाणी बाहेर यायच्या ऐवजी बेअरिंगपर्यंत आत जाते. ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे त्याच्या चकत्यांत पाणी शिरत नाही. मग नळाच्या हलक्या धारेखाली मिनिटभर धरा, जोरदार फवारा नको. पुसून ड्रॅग पूर्ण सैल करा आणि सावलीत वाळवा. दोरी जिथून वळते त्या चाकावर आणि मुठीच्या सांध्यात तेलाचा एकेक थेंब. हे त्याच संध्याकाळी, मुक्कामावरच झाले पाहिजे. वर्ध्याला पोचेपर्यंत मीठ बसलेले असते.

तुमचे आत्ताचे रीळ उघडून, रॉकेलमध्ये बेअरिंग धुऊन, नवे ग्रीस भरले तर बहुधा चालू होईल. बेअरिंग फिरवताना खरखर लागली तर बदला.

प्रश्न : आम्हाला कोकण फार लांब. बल्लारशाहवरून आंध्रच्या किनाऱ्याला गाडी सोपी पडते. तिकडे मोसम हाच का?
— सिरोंचा, जि. गडचिरोली

उत्तर : नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. कोकणात जो ऑक्टोबर-नोव्हेंबर सोन्यासारखा, तो बंगालच्या उपसागरात परतीच्या पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. शिवाय तुमच्या प्राणहिता-गोदावरीचा पूर जुलै ते ऑक्टोबर तिकडच्या मुखांतून समुद्रात जातो, पाणी गढूळ आणि गोडे करतो. जानेवारी ते मार्च हा तिकडचा भरवशाचा मोसम. यांत्रिक नौकांची बंदीही वेगळी, १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे होडी भाड्याने घ्यायची तर त्याआधी जा.

जिताड्याला तिकडे पंडुगप्पा म्हणतात, विचारताना हेच नाव घ्या. भरतीचा चढ-उतार कोकणापेक्षा कमी, आणि पाऊणपटीचा हिशेब तिकडे जुळत नाही, स्थानिक कोष्टकच बघा. काकिनाड्याजवळ कोरिंगा अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीत गरी टाकू नका. कोकणातही मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. हद्द कुठून कुठे ते तिथल्या मच्छीमारांना आणि वनखात्याला विचारून घ्या.

प्रश्न : समुद्रातल्या माशाचा काटा लागला तर?
— सडक अर्जुनी, जि. गोंदिया

उत्तर : सिंगीचा काटा माहीत असेल तर शिंगाळ्याचा समजेल, त्याच्या पाठीवर एक आणि बाजूंना दोन काटे असतात. पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून वाईट. जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून पाहावे, दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. काटा आत तुटला असेल, किंवा छाती-पोटाला लागला असेल, तर लगेच दवाखाना. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे.

लाटांचे एक सांगायचे राहिले. खडकावर उतरण्याआधी वीस मिनिटे नुसते बघा. मोठ्या लाटा तीन-चारच्या घोळक्याने, मधे बराच वेळ सोडून येतात. खडक जिथपर्यंत ओला आणि काळा दिसतो तिथपर्यंत लाट येते, त्याच्या वर उभे राहा. लाइफ जॅकेट घाला. वैनगंगेत पोहता येते म्हणून ते टाळू नका.

प्रश्न : धरलेले मासे गावापर्यंत आणता येतील का?
— मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : दिवसभराच्या प्रवासात येतात. कल्ले आणि पोटातली घाण लगेच काढा, समुद्राच्या स्वच्छ पाण्यात धुवा. थर्माकोलच्या डब्यात बर्फाचा थर, मासा, पुन्हा बर्फ, वजनाला निदान एकास एक. बर्फ फोडलेला हवा, लादी नको. डब्याला खाली भोक ठेवून वितळलेले पाणी बाहेर जाऊ द्या, त्यात पडून राहिलेला मासा आधी मऊ पडतो. रेल्वेत भोकाला नळी लावून ती बाटलीत सोडा, नाहीतर सहप्रवाशांशी भांडण ठरलेले. मोठा, सात-आठ किलोंच्या वरचा जिताडा मात्र सोडून द्यावा असे आम्ही सुचवू. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे थोर आकाराचे बहुतेक सगळे जिताडे अंडी घालणाऱ्या माद्याच असतात. खायला दोन-तीन किलोंचाच चवदार लागतो.