समुद्रकाठच्या कड्याच्या पायथ्याने दुसऱ्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) चालत जायचं आहे. वाट जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर आहे आणि मला डोंगरात चालायची सवय आहे. किती वाजता निघावं, काय काळजी घ्यावी?

वाट जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर आहे आणि तुम्हाला डोंगरात चालायची सवय आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे अंतराची चिंता नको. इथे खरा प्रश्न पाण्याचा आहे. कड्याखालची वाट दिवसातून काही तासच उघडी असते, म्हणून आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि मग निघायची वेळ ठरवा.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. त्यामुळे वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि कालची वेळ आज चालत नाही. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती असते, म्हणून कोष्टक त्याच किनाऱ्याचं किंवा सगळ्यात जवळच्या बंदराचं घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा ओहोटीला पाणी खूप मागे हटतं आणि भरतीला तितकंच वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी होतो.

ओहोटी संपली की पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. अंदाजासाठी एकूण चढाचे बारा भाग करा. सहा तासांत ते १, २, ३, ३, २, १ असे चढतात. फरक तीन मीटरचा असेल, तर पहिल्या तासात पाणी जेमतेम २५ सेंटिमीटर चढतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी ७५. पुळण पन्नास मीटरला एक मीटर चढ इतकी सपाट असेल, तर त्या एका तासात पाण्याची कड जवळजवळ ३७ मीटर आत येते. लोक फसतात ते इथेच. पहिला तास शांत गेला म्हणून निवांत बसतात आणि परतताना कड्याला लाटा लागलेल्या असतात.

समजा ओहोटीचा तळ ११ वाजता आहे आणि कड्याची अरुंद जागा तीन किलोमीटरवर. नऊला निघा, दहाच्या सुमारास ती ओलांडा, आणि परतताना बाराच्या आत पुन्हा अलीकडे या. ओल्या घट्ट वाळूवर ताशी तीन-चार किलोमीटर सहज होतात, खडपांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, त्याच्या निम्मे धरा. कोरड्या सैल वाळूत टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती जाते, म्हणून पाण्याच्या कडेने चाला. वारा समुद्राकडून जोरात असेल किंवा हवेचा दाब उतरला असेल, तर पाणी कोष्टकापेक्षा वर येतं. अशा दिवशी कड्याखालून जाऊच नका, वरची वाट घ्या.

खडपांवर रंग बघून पाय टाका. हिरवा किंवा काळा तुकतुकीत थर म्हणजे शेवाळ, तिथे चांगला बूटही घसरतो. खरखरीत शिंपल्यांनी भरलेला दगड पकड देतो, पण हात टेकला तर कापतो. काठावर जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लाटा बघत थांबा, कारण मोठ्या लाटा थोड्या थोड्या वेळाने एका मागोमाग येतात. कोरडा दिसणारा दगड ओला झालाय का, यावरून त्या कुठवर पोचतात ते कळतं. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका.

कड्याच्या पायथ्याशी ताज्या, धारदार कडांचे दगड पडलेले दिसले तर तिथे जेवायला बसू नका. वरच्या वाटेवर कड्याच्या टोकापासून दूर राहा, खालून माती पोखरलेली असते आणि वरून ते दिसत नाही. वाळूच्या टेकड्यांवर मळलेली वाटच धरा. तिथलं गवत आणि वेली वाळू धरून ठेवतात, आणि भरतीरेषेच्या वर उघड्या वाळूत घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खड्यांसारखी दिसतात. कुत्रा बरोबर असेल तर दोरीने बांधूनच न्या.

खाडी ओलांडायची असेल तर फक्त ओहोटीच्या तळाला ओलांडा. भरती-ओहोटीच्या मधल्या तासांत तिथे ओढ सगळ्यात जास्त असते, आणि आतल्या भागात पाणी तोंडापेक्षा उशिरा उतरतं.

तरीही पाण्याने रस्ता अडलाच, तर पोहून कडा वळसा घालू नका. झुडपं उगवलेली असतील इतक्या उंचीवर चढा, मदतीला फोन करा आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच बसा.