पिच्चरचं विचारा : रेल्वे खेळण्यातली, पण गोम भलतीकडंच

प्रश्न : दादा, तुमच्या सांगण्यावरून फ्रेंच डायरेक्टर मेलव्हिलचा 'ल सेर्क्ल रूज' पाह्यला, वावरात जागलीवर, मोबाईलवर, रानडुकरं हाकलत हाकलत. लय आवडला. म्हणून त्याचाच 'अं फ्लिक' लावला तं बाप्पा, हेलिकॉप्टरातून रेल्वेवर मानूस उतरवते अन् रेल्वे सरळसरळ खेळण्यातली! आमची शकुंतला रेल्वे बंद पडली, पण निदान लोखंडाची तं होती. एवढ्या मोठ्या डायरेक्टरनं असं काहून केलं? का मलेच समजला नाही?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : बरोबर समजला भाऊ तुम्हाला. १९७२ चा पिच्चर, मेलव्हिलचा शेवटचा, पुढच्याच वर्षी ५५ व्या वर्षी गेला माणूस. मलाही तिथंच हसू आलं होतं, आणि राग याचा की डब्याच्या आतलं सगळं एकदम खरं आहे, म्हणजे तो रेल्वेवर उतरलेला नट रिचर्ड क्रेना वरचे कपडे उतरवतो, गाऊन घालतो, आरामात केस विंचरतो, आणि घरच्यासारखा चालत जाऊन लोहचुंबकानं दाराची आतली कडी सरकवतो. हाताचं काम दाखवावं तर मेलव्हिलनंच. अन् कॅमेरा बाहेर गेला की पोरांचा खेळ.

पण खरं सांगू का, त्या रेल्वेवर माझा एवढा राग नाही. वडसा-देसाईगंजकडं झाडीपट्टीचं नाटक पाहाले आपण रातभर थंडीत ब्लँकेट घेऊन बसतो, रंगवलेल्या पडद्याला जंगल म्हणतोच की. माणसं पटली का पडदा चालून जाते.

इथं माणसंच पटत नाहीत. 'सेर्क्ल रूज'मधलं ते चिखलाचं वावर आठवा, नट व्होलोंते पिस्तूल रोखून उभा आणि हिरो अलाँ देलाँ त्याच्याकडं सिगारेटचं पाकीट फेकतो. झाली दोस्ती, भाषण नाही काही नाही. 'अं फ्लिक'मध्ये देलाँ पोलीस कमिशनर, क्रेना नाईटक्लबचा मालक आणि आतून दरोडेखोर, दोघं जुने मित्र, मधात कातरीन दनव. पण मित्र आहेत हे आपण नुसतं मानून घ्यायचं, क्लबात बसतात, एकमेकाकडं पाहतात, बास. म्हणून शेवटी क्रेना कोटात हात घालतो, देलाँ गोळी झाडतो, आणि पाहतो तर त्याच्याजवळ पिस्तूलच नाही, तेव्हा जे काळजात तुटायला पाहिजे ते तुटतच नाही. दनवला तर काम इतकं कमी की नर्सच्या ड्रेसात जखमी साथीदाराला इंजेक्शननं मारते तेवढीच लक्षात राहते. एवढी मोठी हिरॉईन घेऊन!

सुरुवात तेवढी परत पाहा, समुद्रकाठचं सुनं गाव, पाऊस, वारा अन् ती बँक. तिथं मेलव्हिल मेलव्हिलच आहे.

मग 'ल सामुराई' लावा, १९६७ चा, हाच देलाँ. त्यात सुरुवातीला बराच वेळ कोणी बोलतच नाही, तुम्हाला डुकरं नीट ऐकू येतील.