हात थरथरतात? शटर स्पीड वाढवा

"मॅडम, पोरगी हुशार आहे हो, पण चार माणसांत तोंड उघडत नाही. आत्मविश्वासच नाही." तोंडी परीक्षा जवळ आल्या की हे इतक्या पालकांकडून ऐकते, की त्यांचं पुढचं वाक्यही पाठ झालंय: "एखादा कोर्स सांगा, धीटपणा येईल असा." हल्ली त्यात फोटोग्राफीचं नाव बरेचदा निघतं. फोटोग्राफी शिकून आत्मविश्वास येतो का? येतो. पण बहुतेक घरांत त्या फोटोंचं जसं कौतुक होतं, त्यानं येत नाही. एका मुलीची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

करवीर तालुक्यातलं शेतकरी घर, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत हातातला कागद फडफडायचा, तो सगळ्यांना दिसतोय या विचारानं आवाज बसायचा. चुलत्यांचा जुना डीएसएलआर घेऊन ती शनिवार-रविवारच्या फोटोग्राफी वर्गाला जायची. रडगाणं तिथंही तेच.

"सगळे फोटो हलतात. माझे हातच थरथरतात, मॅडम. मला जमणारच नाही."

कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत शटर स्पीड (पडदा किती वेळ उघडा होता), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं), आयएसओ (उजेड किती वाढवून घेतला) आणि लेन्स किती मिलिमीटरवर होती याची नोंद ठेवतो. ती नोंद उघडून आम्ही बसलो.

"हा कितीवर काढलास?"

"५५-२५० ची लेन्स. २५० वर."

"शटर स्पीड?"

"१/६० सेकंद."

"आणि हातात धरून काढायचा तर किती हवा, असं शिकवलंय?"

तिनं बोटांवर हिशेब केला. "लेन्सचा आकडा गुणिले दीड... म्हणजे १/४०० च्या आसपास. लेन्समध्ये हलणं आवरणारा स्टॅबिलायझर असेल तर थोडं कमी चालतं."

"मग हा फोटो कशानं हलला?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग जरा नाराजीनंच म्हणाली, "शटर स्पीडनं."

नाराजी मला समजत होती. 'मी अशीच' या समजुतीत एक सोय असते, पुढं काही करावं लागत नाही. १/६० हा आकडा मात्र बदलता येतो.

तिला घरी करायला एक काम दिलं. अंगणातली तुळस, लेन्स २५० वर, ॲपर्चर एफ ५.६. शटर स्पीड १/६०, १/१२५, १/२५० आणि १/५००. प्रत्येकावर दहा फोटो. शटर स्पीड एक पायरी वाढला की उजेड निम्मा होतो, म्हणून आयएसओ ४०० वरून ८००, १६००, ३२०० असा चढवायचा; त्यानं फोटोत बारीक ठिपके, म्हणजे दाणे, येतात. एक अट होती. हात स्थिर करायचा प्रयत्न करायचा नाही, थरथरले तर थरथरू द्यायचे. मग फोटो पूर्ण मोठे करून पाहायचे आणि किती शार्प आले ते वहीत लिहायचं.

पुढच्या वेळी वही उघडायच्या आधीच ती बोलली. "१/६० चे जवळजवळ सगळे वाया. १/५०० चे सगळे शार्प. दाणे आलेत, पण शार्प आहेत." आणि मग: "हात तसेच थरथरत होते, मॅडम."

माझ्या मते सगळं वळण या एका वाक्यात होतं. आधी भीती जाईल, मग मी बोलेन, हा क्रम मुलं मनाशी घट्ट धरून बसतात आणि आपण मोठी माणसंही "घाबरू नकोस" म्हणत तोच पक्का करतो. थरथरत्या हातांनी शार्प फोटो येतो हे तिला कुणी पटवून दिलं नव्हतं, तिनं ते मोजलं होतं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलेली गोष्ट मला अजून सर्वांत उपयोगी वाटते: 'मला हे जमेल' हा विश्वास दुसऱ्यांच्या शाबासकीपेक्षा स्वतः करून जमलेल्या कामातून जास्त पक्का होतो. दाण्यांचंही तसंच. शार्पपणा हवा तर दाणे सोसायचे; तोंडी परीक्षेत उत्तर नीट पोचवायचं तर आवाज थोडा कापला तरी चालवून घ्यायचं.

पण फोटो बघता बघता दुसरी गोष्ट ध्यानात आली. माणसांचे जवळपास सगळे फोटो पाठमोरे होते. लाजऱ्या मुलाच्या हातात मोठी झूम लेन्स दिली की ते रस्त्याच्या पलीकडून फोटो काढतं, आणि घरच्यांना वाटतं पोर धीट झालं. तो आडोसा असतो. म्हणून पुढचे काही आठवडे फक्त १८-५५ ची लेन्स, तीही ३५ वर. आता माणसाचा चेहरा नीट यायचा तर एक-दीड मीटरवर जावं लागणार. इतक्या जवळून न विचारता फोटो काढता येत नाही.

हंगाम गुऱ्हाळांचा होता, तिनं तेच निवडलं. पहिल्या दिवशी लेन्सवर धुकं धरलं. सकाळचा गार कॅमेरा तिनं थेट काहिलीच्या वाफेत उघडला होता. बॅगेतच वीसेक मिनिटं राहू दिला असता तर धरलं नसतं. बाकीचे फोटो काळपट. पांढरी वाफ आणि मागचं उजेडाचं दार बघून कॅमेरा फोटो गडद करतो, तिथं एक्स्पोजर एक स्टॉप वाढवावं, म्हणजे उजेड दुप्पट घ्यावा लागतो. दुसऱ्या खेपेला तिनं ते केलं, पण गुळव्यांचा चेहरा दिसायला लागला तसं दार पार पांढरंफेक झालं. आता उपाय सेटिंगमध्ये नव्हता. माणसाला वळवायला हवं होतं.

"मग काय केलंस?"

"म्हटलं, मामा, जरा दाराकडं तोंड करून ढवळता का?"

"ते काय म्हणाले?"

"मग आधी न्हाई व्हय सांगायचं!" हे सांगताना ती हसत होती. तो फोटो १/२५०, एफ ४.५, आयएसओ ३२०० असा आहे. चुलवाणाच्या धगीनं चमकणारा चेहरा, नजर पाकावर. अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला तिनं पहिल्यांदाच काही करायला सांगितलं होतं, आणि कारण अगदी साधं होतं: उजेड दाराकडून येत होता. लाजऱ्या मुलांना गप्पा मारायला लावू नये, त्यांना विचारण्यासाठी एखादं खरं काम द्यावं, असं मी म्हणते ते यासाठी.

पुढची तोंडी परीक्षा तिनं दिली. कागद फडफडलाच, तो टेबलावर ठेवून ती बोलली. एक प्रश्न कळला नाही, तर "सर, परत सांगता का?" असं विचारलं. मार्क बरे पडले, फार नाहीत.

पालकांनी करायचं ते थोडकं आहे. "वा, छान" म्हणून सोडून देऊ नका, "हा कसा काढलास?" विचारा, उत्तर देताना मूल आपल्याच निर्णयांबद्दल बोलतं. फोटो लगेच स्टेटसला टाकू नका, नाहीतर ॲपर्चर सोडून ते लाइक मोजायला लागतं. स्पर्धा पहिल्या वर्षी नकोतच. नवा कॅमेराही नको. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर स्पीड आणि आयएसओ बदलता येतात, सुरुवातीला तेवढं पुरतं. दर आठवड्याला एकच विषय आणि दहाच फोटो, त्यातला फसलेला एक निवडून त्याचं कारण वहीत. मात्र मूल कॉलेजला जायचंच बंद झालं असेल, झोप-जेवण बिघडलं असेल किंवा छातीत धडधडून श्वास कोंडत असेल, तर कोर्स शोधत बसू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

शेवटच्या भेटीत आईनं विचारलं, "आता हिला फोटोग्राफीतच घालू का?" मी मुलीकडं पाहिलं. ती म्हणाली, "आई, आधी बी.कॉम. होऊ दे. आणि यंदा लग्नसराईत एका फोटोग्राफरबरोबर मदतनीस म्हणून जाऊन बघते, फ्लॅश अजून येत नाही मला."